वरचा थेंब

ऋषिराजची मूळ चूक प्रयोगशाळेत झालीच नाही. ती निमगाव केतकीच्या डेअरीपुढच्या कट्ट्यावर झाली. बारामतीच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असलेल्या या गड्यानं, कुणी काही विचारलेलं नसताना, "या उन्हाळ्यात आपल्या गावच्या बोअरचं पाणी मीच तपासणार," असं जाहीर करून टाकलं. खरी गोष्ट एवढीच होती की कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात शेतकऱ्यांच्या विहिरींचं आणि बोअरचं पाणी तपासायचं काम निघणार होतं. त्यासाठी पहिल्या वर्षातली दोन मुलं घ्यायची होती आणि ती निवडायला विजयमाला मॅडम एक चाचणी घेणार होत्या. ऋषिराजनं चाचणीचं तेवढं वगळलं. बोलण्याच्या ओघात राहून गेलं, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली.

दुसऱ्याच दिवसापासून घरी पाणी यायला लागलं. कुणी कोल्ड्रिंकच्या बाटलीत आणलं, कुणी औषधाच्या बाटलीत, एकानं तर फवारणीच्या डब्यात आणलं आणि वर "धुऊन घेतलाय" अशी खात्रीही दिली. शेजारच्या सिंधुबाईंनी आपल्या बोअरचं पाणी काठोकाठ भरून आणलं आणि बाटलीला चिंधी बांधून ओळखीची खूण केली. या सगळ्या बाटल्या ऋषिराजच्या खिडकीत ओळीनं उभ्या राहिल्या. सकाळी डोळे उघडले की आधी त्यांचंच दर्शन व्हायचं.

त्यात त्याची आई मुक्ताबाई. घरच्या रानातला भाजीपाला घेऊन ती आठवडी बाजारात बसायची आणि भेंडी मोजता मोजता लेकाची कीर्ती वाटायची. "डाक्टर कसं रगात बघत्यात? तसं आमचा ऋषी पाणी बघतो. हितनं फुडं तुमचं पाणी कसलं हाय ते त्योच सांगनार," असं ती गिऱ्हाइकाला सांगे. आता निवड झाली नाही, तर ऋषिराजला एकेक बाटली ज्याच्या त्याच्या दारात परत नेऊन द्यावी लागणार होती. शिवाय सबंध उन्हाळा आईच्या बाजारातल्या पालाखाली बसून "काय शास्त्रज्ञ, कवा तपासताय पाणी?" हे ऐकावं लागणार होतं. तोंड लपवायला जागा म्हणून टोमॅटोच्या क्रेटमागची तेवढी होती.

पण नुसत्या अब्रूचा प्रश्न असता तरी एक वेळ चाललं असतं. पंचाईत अशी होती की त्याला ते काम मनापासून हवं होतं. पाण्यासारख्या दिसणाऱ्या एका द्रावणात पाण्यासारखंच दिसणारं दुसरं द्रावण थेंब थेंब सोडत जावं, काही म्हणता काही होऊ नये, आणि मग एका थेंबाला सगळा फ्लास्क हलकासा गुलाबी व्हावा, हे त्याला भारी आवडायचं. प्रत्येक वेळी त्याच्या अंगावर काटा यायचा. हे त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखा त्याचा हात चालत नव्हता.

त्याच्या हाताचा इतिहास तसा मोठा होता. पहिल्या प्रॅक्टिकलला त्यानं बुरेट, म्हणजे आकडे कोरलेली उभी काचनळी, भरली आणि वरचं नरसाळं काढायचं विसरला. नरसाळ्यात अडकलेलं द्रावण मधूनच खाली उतरायचं, आणि बुरेटमधली पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढायची. आपल्या हातून काहीतरी नवीन शोध लागतोय, असं त्याला चांगली दोन मिनिटं वाटलं होतं. दुसऱ्या खेपेला त्यानं फ्लास्क नुसत्या डिस्टिल्ड वॉटरनं न धुता ज्या आम्लाची मोजदाद करायची त्याच आम्लानं विसळला, म्हणजे मोजायच्या आधीच मोजायची वस्तू आत शिल्लक. आणि पातळी वाचताना तो डोळे समोर आणण्याऐवजी पंजावर उभा राहून वरून वाकून बघायचा. बाजूच्या टेबलावरच्या सुयोगनं विचारलं होतं, "विहिरीत बघतोयस का?" हसणाऱ्यांत ऋषिराजचा आवाज सगळ्यांत मोठा होता, आपल्यावर आपण आधी हसलं की बाकीच्यांचं हसणं कमी लागतं, हा त्याचा स्वतःचा शोध.

या सगळ्या चुका हळूहळू सुटल्या. सुटेना ती एकच, आणि ती काय आहे हेच कळेना. नियम साधा होता. आधी एक अंदाजाचं पायलट रीडिंग घ्यायचं, मग नीट तीन रीडिंग घ्यायची, आणि तिन्ही एकसारखी आली की आपला हात खरा समजायचा. ऋषिराजची तिन्ही रीडिंग अगदी जुळायची. फक्त ती सगळ्या वर्गापेक्षा वेगळी असायची, आणि दर वेळी तेवढीच जास्त असायची.

"चुकतोयस, पण किती शिस्तीत चुकतोयस!" विजयमाला मॅडम म्हणाल्या. मॅडम राहायला इंदापूरला. रोज स्कूटीवरून बारामतीला यायच्या आणि बोलायच्याही मोजून. त्या दिवशी त्या ऋषिराजच्या शेजारी हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. "कर. मी बघते."

ऋषिराजनं पिपेटला, म्हणजे ठराविक मापाच्या काचनळीला, रबरी फुगा लावला, आम्ल खुणेपर्यंत ओढलं आणि फ्लास्कमध्ये सोडलं. पिपेटच्या टोकाशी शेवटचा थेंब राहिला होता. त्यानं फुगा दाबून तो फुर्रकन आत उडवला.

"हा का उडवलास?"

"राहिला होता मॅडम."

"तो राहायचाच असतो. पिपेटचं माप तो थेंब सोडून केलेलं असतं. टोक फ्लास्कच्या कडेला टेकवायचं आणि बाहेर काढायचं. पुढं कर."

त्यानं रंग दाखवणाऱ्या फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब टाकले, फ्लास्क पांढऱ्या फरशीवर धरून फिरवत बुरेटचा कॉक, म्हणजे खालची तोटी, हळूहळू सोडायला घेतला. गुलाबी रंग यायचा आणि जायचा. शेवटी एका थेंबाला फिकट गुलाबी रंग आला आणि टिकला. ऋषिराज थांबला. मग त्याच्या हातानं, त्याला न विचारता, कॉक आणखी एकदा किंचित फिरवला आणि वर तीन-चार थेंब सोडले. फ्लास्क गडद गुलाबी झाला.

"आणि हे?" मॅडमनी विचारलं.

ऋषिराज आपल्या हाताकडे बघत राहिला. खरंच, हे काय? रंग तर आधीच आला होता. "माहीत नाही, मॅडम," तो म्हणाला, आणि हे त्याचं वर्षभरातलं पहिलं अचूक उत्तर होतं.

"आम्ल जास्त घेतोस आणि वर अल्कलीही जास्त घालतोस. दोन्ही चुका रीडिंग वाढवतात. पुढच्या आठवड्यात चाचणी आहे. हात बांधून घे," असं म्हणून मॅडम पुढच्या टेबलाकडे गेल्या. सुयोगनं त्या दिवसापासून त्याला 'दानशूर' म्हणायला सुरुवात केली.

उत्तर सापडलं ते बाजाराच्या दिवशी. ऋषिराज आईशेजारी पोत्यावर बसला होता. मुक्ताबाईनं कुणालातरी किलोभर वांगी तोलली, काटा दाखवला, वांगी पिशवीत ओतली, आणि दुसऱ्याशी बोलता बोलताच दोन वांगी उचलून वर घातली. मग मिरची दिली आणि वर चिमूटभर मिरची. तेवढ्यात घरच्या दुधाचा रतीब न्यायला कुणी आलं. तिनं मापानं दूध ओतलं, माप उलटं करून शेवटचा थेंब झटकला, आणि वर थोडी धार सोडली. ऋषिराजला कळायला लागल्यापासून बाजाराच्या दिवशी सुट्टी असली की हेच तो करत आला होता. माप झालं की हात थांबतच नाही, वरचं घातल्याशिवाय व्यवहार पुरा होत नाही. कॉलेजात त्याचं शरीर गेलं होतं, हात मात्र अजून बाजारातच बसला होता. आम्लाला त्यानं गिऱ्हाईक समजून वरचं घातलं होतं. त्याला इतकं हसू आलं की आई म्हणाली, "काय झालं रं? याडा झालास का?"

रोग कळला म्हटल्यावर औषध सोपं वाटलं. हात इथंच सरळ करायचा. "आई, तू ऊठ, आज मी तोलतो," म्हणून तो काट्यापुढं बसला. पहिलंच गिऱ्हाईक सिंधुबाई. त्यांनी टोमॅटो मागितले. ऋषिराजनं मान खाली करून, डोळे आकड्याच्या समोर आणून, बरोब्बर किलोवर आकडा आणला. शेवटी एक मोठा टोमॅटो काढून छोटा टाकला. पिशवीत ओतले आणि हात मांडीखाली दाबून बसला.

सिंधुबाई पिशवीचं तोंड उघडं धरून तशाच उभ्या.

"झालं की मावशी."

"झालं?" सिंधुबाईंनी पिशवीत वाकून बघितलं. "अगं मुक्ता, तुझा ल्योक शिकून लई कोरडा झाला की गं! माज्या बोअरचं पाणी बी असंच बघनार व्हय ह्यो?"

"तसं न्हाय वो मावशी, ते काय हाय, अचूक मापाची सवय लावतोय हाताला."

"सवय आमच्यावर लावतोय!" सिंधुबाई बाजूच्या बाईला म्हणाल्या, आणि ती बाई आपल्या पिशवीसकट पुढच्या पालाकडे निघून गेली.

मुक्ताबाईनं लेकाला दंडाला धरून उठवलं, सिंधुबाईंच्या पिशवीत तीन टोमॅटो आणि कोथिंबिरीची काडी टाकली आणि त्या जाईपर्यंत गोड हसली. मग वळली. "मापाला मी कवा आडवं आले? काट्यावर जेवढं सांगितलं तेवढंच पायजे, एक दाणा जास्त नको. वरचं ते काट्याच्या भायेर. आधी गिऱ्हाइकाला आकडा दाव, मग पिशवीत वत, मग घाल की वर. ते मापात कुठं येतंय?"

ऋषिराजनं आईकडे आणि काट्याकडे आळीपाळीनं बघितलं. हात बरा करायची गरजच नव्हती. आधी आकडा बघायचा, लिहायचा. मग हाताला काय करायचं ते करू दे. आपण एवढे हुशार कधीपासून झालो, याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं. खरं तर तेव्हाच त्यानं घाबरायला पाहिजे होतं, कारण स्वतःला हुशार समजल्याबरोबर काहीतरी होतंच, हा त्याचा जुना अनुभव.

चाचणीच्या दिवशी त्यानं सगळं ठरल्याप्रमाणे केलं. बुरेट तिच्याच द्रावणानं विसळली, टोकातला हवेचा बुडबुडा घालवला, नरसाळं आठवणीनं काढून ठेवलं. पिपेटचं टोक फ्लास्कच्या कडेला टेकवून बाहेर घेतलं आणि राहिलेला शेवटचा थेंब बेसिनमध्ये उडवला. बेसिनला दिला तर कुणाचं काय गेलं? मग फिकट गुलाबी रंग आला, टिकला, त्यानं खाली वाकून पातळी डोळ्यांसमोर आणली, वाचली, कागदावर लिहिली. आणि मगच कॉक सोडून वरचे थेंब घातले. काय समाधान वाटलं! तिन्ही वेळा असंच. तिन्ही रीडिंग जुळली. शेजारच्या टेबलावर रेश्मा होती. तिचा हात वर्गात सगळ्यांत सरळ. तिनं मॅडमना आपलं रीडिंग सांगितलं तेव्हा ऋषिराजच्या कानावर ते पडलं. त्याचंही तेच होतं. त्याला नाचावंसं वाटलं.

विजयमाला मॅडम त्याच्या टेबलापाशी आल्या. त्यांनी कागद बघितला. मग टेबलावर ओळीनं ठेवलेले तीन फ्लास्क बघितले. तिन्ही गडद गुलाबी, लग्नातल्या फेट्यासारखे. मग त्या वाकल्या आणि बुरेटमधली पातळी बघितली. कागदावर दहा पूर्णांक दोन होतं. बुरेट दहा पूर्णांक चार दाखवत होती.

"हे रीडिंग कुणाचं आहे?" त्यांनी विचारलं.

"माझं, मॅडम."

"मग बुरेट काय म्हणतेय? आणि हे फ्लास्क?" मॅडमनी रेश्माच्या टेबलाकडे बघितलं आणि परत त्याच्याकडे. त्यांना काय म्हणायचंय ते सगळ्या वर्गाला कळलं.

ऋषिराजचे कान तापले. सांगायचं तर सोपं होतं. पण सांगायचं काय? की मॅडम, वरचं घातल्याशिवाय मला चैन पडत नाही, म्हणून मी आधी लिहून घेतलं आणि मग आम्लाला वरचं घातलं? सुयोग पुढं वाकून ऐकत होता. दरवाजात पुढची बॅच उभी होती. ऋषिराजच्या तोंडून निघालं ते असं, "चुकून पडले, मॅडम."

"तिन्हींत?"

"हो."

"जुळवलेली रीडिंग मला नको असतात. चुकीची चालतात," मॅडम म्हणाल्या. त्यांनी कागदावर काही खूण केली आणि पुढं गेल्या. ऋषिराजनं फ्लास्क धुतले. ते धुताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तेही जरा जास्तच आलं, असा विचार मनात येऊन त्याला रडता रडता हसू फुटलं. घरी जाताना एस.टी.त त्यानं बाटल्या परत करायचा रस्ता मनात आखला. सिंधुबाईंचं दार शेवटी ठेवलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी तो पालाखाली टोमॅटोच्या क्रेटांमागं बसून होता. आईला त्यानं अजून काही सांगितलं नव्हतं, आणि आई गिऱ्हाइकांना सांगायची थांबली नव्हती. अचानक त्याला ओळखीचा आवाज आला. "टोमॅटो कसे दिले? किलोभर द्या." इंदापूरला घरी जाताना मॅडम वाटेत भाजी घ्यायला उतरल्या होत्या. ऋषिराज क्रेटमागं आणखी खाली सरकला.

"घ्या की बाई, घरच्या रानातलं हायत. ऋषी! ए ऋषी! तोल रं हे, माजा हात वला हाय."

आता मात्र उपाय नव्हता. तो क्रेटमागून उभा राहिला. मॅडमनी त्याला बघितलं, त्यानं मॅडमना बघितलं. मुक्ताबाईला काही पत्ताच नव्हता. "ह्यो माजा ल्योक. बारामतीला पाण्याचं शिकतोय," ती अभिमानानं म्हणाली. ऋषिराजला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं, असं झालं.

तो काट्यापुढं बसला आणि त्यानं टोमॅटो वर घातले. मॅडमची नजर हातावर होती, प्रयोगशाळेत असायची तशीच. आपोआप तो वाकला, डोळे आकड्यापुढे आणले. एक काढला, एक छोटा घातला. आकडा किलोवर थांबला.

"एक किलो, मॅडम," तो म्हणाला आणि काटा त्यांच्याकडे फिरवला. त्यांनी मान हलवली. त्यानं टोमॅटो पिशवीत ओतले. आता थांबायचं, आता मेलं तरी थांबायचं, असं तो स्वतःला बजावत होता, आणि तोवर त्याच्या हातानं दोन टोमॅटो उचलून वर टाकले होते.

संपलं, असं त्याला वाटलं. हात तसाच आहे हे मॅडमनी डोळ्यांनी बघितलं.

"किती झाले?" मॅडमनी विचारलं.

"एक किलो."

"आणि हे दोन?"

"ते... ते वरचं, मॅडम. ते मापात येत नाही. आकडा बघून झाल्यावर घालायचं असतं." बोलता बोलता त्याला धीर आला, आणि राहिलेलं एका दमात बाहेर पडलं. "त्या दिवशीही तसंच केलं होतं. रीडिंग आधी लिहिलं. मग थेंब सोडले. तीनदा. हात थांबत नाही मॅडम, म्हणून आधी लिहून घेतो. सांगायची लाज वाटली."

मॅडमनी पिशवीतले टोमॅटो बघितले. मग त्या हसायला लागल्या, मोजूनमापून नाही, चांगल्या खळखळून. पालाखालून जाणारी माणसं वळून बघायला लागली. मुक्ताबाईही कारण न कळता हसायला लागली, कारण गिऱ्हाईक हसतंय म्हणजे बरंच असणार.

"म्हणून ते फ्लास्क!" मॅडम डोळे पुसत म्हणाल्या. "आणि पिपेटचा थेंब?"

"तो बेसिनला दिला."

"बेसिनला दिला!" त्यांना परत हसू आलं. मग त्या जरा गंभीर झाल्या. "सोमवारी माझ्यासमोर परत एकदा करून दाखव. रीडिंग लिहून माझी सही झाली, की मग वर काय घालायचं ते घाल. तसंच आलं, तर दुसरी जागा तुझी. मी अजून कुणाला सांगितलेलं नाही."

ऋषिराजला आनंद झाला. खिडकीतल्या बाटल्या त्याला एकदम देखण्या वाटायला लागल्या. सोमवारी पहिली बाटली सिंधुबाईंची न्यायची, असं त्यानं ठरवूनही टाकलं. मग आपण परत ठरवायला लागलोय हे ध्यानात येऊन त्यानं जीभ चावली. निदान डेअरीच्या कट्ट्याकडे सोमवारपर्यंत फिरकायचं नाही, एवढं तरी पाळायचं.

मॅडमनी पाव किलो मिरची मागितली. त्यानं तोलली, आकडा दाखवला, पिशवीत ओतली. आता मॅडमना सगळं माहीत आहे, तर उगाच हात दाखवायला नको, म्हणून त्यानं या खेपेला दात-ओठ खाऊन हात मांडीखाली दाबून धरला. सिंधुबाईंच्या खेपेनंतर पहिल्यांदाच तो थांबला.

मॅडम गेल्या नाहीत. पिशवीचं तोंड उघडं धरून त्या तशाच उभ्या होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सिंधुबाईंचा चेहरा हुबेहूब उतरला होता.

"मॅडम?"

"अरे, मिरचीचं वरचं राहिलं की."

ऋषिराजनं मांडीखालचा हात काढला आणि चांगली मूठभर मिरची घातली. कोथिंबीर मुक्ताबाईनं स्वतःच्या हातानं टाकली.